मुद्राचित्रकार व्हावं की पोस्टर डिझायनर? यावर घर चालतं का?

लिनोकट (लिनोलियम कोरून छापणं) आणि स्क्रीन प्रिंटिंग (जाळीतून शाई दाबून छापणं) येतं, पोस्टरं करायला आवडतात, पण आयुष्य यावरच काढायचं तर मुद्राचित्रं, म्हणजे हाताने छापून मोजक्या प्रतींत विकायची चित्रं, की गिऱ्हाइकांची पोस्टरं, यांपैकी काय धरावं आणि काय सोडावं, असं तुम्ही विचारलं आहे.

काहीच सोडू नका. मी दोन्हींवर जगते. ज्या स्क्रीनवरून गिऱ्हाइकाचं पोस्टर निघतं, तिच्यावरूनच तुमच्या सहीची आवृत्तीही, म्हणजे आकडा घालून विकायच्या ठरावीक प्रतीही, निघतात. १८९० च्या दशकात पॅरिसमध्ये हेच चालायचं. चित्रकार तुलूझ-लोत्रेकचं मूलां रूज या नाचगाण्याच्या ठिकाणासाठीचं पोस्टर १८९१ मध्ये लागलं. त्या काळात हौशी लोक पोस्टरं भिंतीवरून सोलून घरी नेत. मग चित्रविक्रेत्यांनी ती रीतसर विकायला ठेवली. काही पोस्टरांच्या थोड्या प्रती तर अक्षरं चढवण्याआधीच, नुसत्या चित्राच्या, संग्राहकांसाठी काढल्या जात. तेव्हा पोस्टरं दगडावर चित्र काढून छापत: दगड एकच, पैसे दोन वाटांनी.

म्हणून पोस्टरचं काम घेताना मी फीबरोबर प्रती मागते. नाटकाच्या किंवा संगीताच्या छोट्या गटांकडे पैसे कमी असतात, पण प्रती द्यायला ते सहसा नाही म्हणत नाहीत. ८० छापायच्या असतील तर २० माझ्या, हे आधीच लिहून घ्यायचं. चित्राचा हक्क कुणाचा, ते कपड्यांवर किंवा पुस्तकावर वापरायचं झालं तर वेगळे पैसे किती, अर्धी रक्कम आगाऊ मिळणार का, हेही त्याच कागदावर यायला हवं. आणि शेवटच्या मजकुरावर गिऱ्हाइकाची सही घ्या. तारीख चुकीची छापली गेली तर सगळा गठ्ठा रद्दीत जातो.

आता हाताच्या कामाबद्दल, कारण माझ्या मते करिअर इथेच ठरतं. शिकताना मी संगणकावर पाच रंगांचं पोस्टर केलं आणि ६० कागदांवर एकेक रंग करत छापायला घेतलं. दोन रंग उत्तम बसले. रात्री पाऊस झाला, कागदांनी ओल धरली, आणि सकाळी तिसरा रंग कडेला दीड-दोन मिलिमीटर सरकू लागला. निम्मे कागद वाया गेले. त्या दिवसापासून कागद आदल्या दिवशीच छपाईच्या खोलीत मोकळे करून ठेवते, शेजारचे रंग एकमेकांखाली थोडे सरकवून आखते आणि नेहमी १५-२० कागद जास्त घेते. मुख्य म्हणजे मी तीन रंगांत विचार करायला लागले. शाई पारदर्शक असेल तर तीन रंग एकमेकांवर पडून चार नवे रंग देतात, म्हणजे कागदाचा पांढरा सोडून सात. पिवळ्यावर निळा कुठे पडू द्यायचा हे ठरवताना चित्राची रचनाच बदलते, आणि ते पोस्टर दहा पावलांवरून वाचता येतं. ही काटकसर संगणकाच्या पडद्यावर शिकता येत नाही, कारण तिथे रंग फुकट असतो.

जमलं तर वर्षभर एखाद्या छापखान्यात काम करा. पोस्टरकलेत ज्याला आद्य मानतात तो झूल शेरे कोवळ्या वयात शिळाछापवाल्याकडे (दगडावरून छापणाऱ्याकडे) उमेदवारी करून आला होता. १८९४ च्या नाताळात प्रसिद्ध अभिनेत्री सारा बर्नहार्टला नव्या नाटकाचं पोस्टर तातडीने हवं होतं, तेव्हा चित्रकार अल्फोन्स मुखा छापखान्यात प्रुफं तपासत बसला होता. ते काम त्याला मिळालं, १ जानेवारी १८९५ ला पोस्टर पॅरिसच्या भिंतींवर लागलं आणि बर्नहार्टने त्याच्याशी सहा वर्षांचा करार केला. नशीब होतंच, पण छापखान्यातलं काम त्याला परकं नव्हतं.

आवृत्तीच्या बाबतीत मात्र मी फार कडक आहे. प्रतीवर १२/४०, म्हणजे चाळीसातली बारावी, असं लिहिलं की ४० च्या वर एकही नाही. कलाकाराच्या स्वतःच्या प्रती वेगळ्या, साधारण दहा टक्क्यांपर्यंत, आणि त्यांची नोंद वहीत. संगणकावरून काढलेली प्रत असेल तर विकताना तसं स्पष्ट सांगायचं. घेणारा माणूस तुमच्या पेन्सिलीच्या आकड्यावर विश्वास ठेवून पैसे देतो. तो एकदा फसला तर पुन्हा येणार नाही, आणि येऊही नये.

पहिली काही वर्षं शिकवण्यातून हातभार लागतो. आठवड्यातून एक लिनोकटचा वर्ग घेतला तर शाई-कागदाचा खर्च बऱ्यापैकी निघतो, आणि तिथे येणारेच पुढे तुमच्या प्रती घेतात.

पोर्टफोलिओत पूर्ण झालेल्या पोस्टराबरोबर त्याचे सुटे थर ठेवा: नुसता पिवळा, नुसता निळा, मग दोन्ही मिळून. माझं पहिलं मोठं काम त्यामुळेच मिळालं. समोरच्या बाईंनी पोस्टरं भराभर उलटली, थरांच्या कागदांशी थांबल्या, ती गड्डी दोनदा चाळली आणि म्हणाल्या, "आमचं तीन रंगांत बसेल का?"