कोयनेच्या भेकाची तीन नावं

प्रश्न : मॅडम, मी पाटणचा, एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी कोयनेचा भेक (टोड) घेतलाय. कॉलेजच्या डेटाबेसमध्ये 'झॅन्थोफ्रायनी कोयनायेन्सिस' टाकलं तर मोजकेच पेपर आले, तेही २००९ आणि त्यानंतरचे. आमचे सर म्हणतात, जुनं काम आहे. ते कसं शोधू?

उत्तर : सर म्हणतात ते खरं आहे. २००९च्या आधी हे नावच नव्हतं, मग त्या नावावर जुनं काही मिळणार कसं? या भेकाचं पहिलं वर्णन सोमण यांनी १९६३ साली केलं, 'बुफो कोयनायेन्सिस' म्हणून. पुढच्याच वर्षी ग्रँडिसन आणि डॅनियल यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये त्याला 'बुफो सल्फ्युरियस' म्हटलं. दोन्ही एकच ठरल्यावर आधीचं नाव राहिलं. २००९ मध्ये बिजू आणि सहकाऱ्यांनी 'झॅन्थोफ्रायनी' ही नवी प्रजाती (जीनस) मांडली आणि या भेकाचा आंबोलीचा भाऊबंदही त्याच लेखात नोंदवला. तो लेख सर्वांना मोफत वाचता येतो.

साताऱ्यात कॉलेजच्या ग्रंथालयात मी एकतीस वर्षं काढली. तिथली एक गोष्ट अजून मनाला लागून आहे. अंगणातल्या साध्या भेकावर काम करणाऱ्या एका मुलीला मी 'डटाफ्रायनस मेलॅनोस्टिक्टस' एवढ्याच नावाने शोधून दिलं. हे प्रजातीनाव २००६ मधलं, आपल्याच सुशीलकुमार दत्तांच्या सन्मानार्थ ठेवलेलं. त्याआधीची बहुतेक कामं 'बुफो मेलॅनोस्टिक्टस'खाली होती. पोरीने प्रबंधात लिहून टाकलं, 'या विषयावर पूर्वी फारसं काम नाही', आणि तोंडी परीक्षेत तिला बोलणी खावी लागली. चूक माझी होती.

म्हणून आधी वही घे. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीची 'ॲम्फिबियन स्पीशीज ऑफ द वर्ल्ड' ही यादी मोफत आहे. तिच्यात एकेका जातीची सगळी नावं, कुणी, कधी, कुठल्या जर्नलमध्ये दिली ते खंड-पानासकट असतं. ती सगळी उतरून घे. मग डेटाबेसमध्ये प्रत्येक नाव अवतरणचिन्हात टाक आणि दोन नावांच्या मध्ये 'ऑर' (OR) लिही, मोठ्या अक्षरांत. शेवट नक्की माहीत नसेल तर शब्द अर्धा ठेवून पुढे तारका (*) दे; बहुतेक डेटाबेस ती ओळखतात. गावांचंही तेच. साताऱ्याचं इंग्रजी स्पेलिंग जुन्या लेखांत कधी कधी दोन 'टी'चं असतं.

प्राणिशास्त्रासाठी खरा खजिना म्हणजे 'झूऑलॉजिकल रेकॉर्ड'. १८६४ पासूनच्या साहित्याची नोंद त्यात आहे, आणि ती प्राण्यांच्या वर्गीकरणाप्रमाणे लावलेली आहे. त्यामुळे नुसतं भेकांचं कुळ धरलंस तरी आत उतरता येतं. वर्गणी महाग, कॉलेजात बहुधा नसेल. विद्यापीठाच्या ग्रंथालयात विचार. कॉलेज सरकारी असेल तर १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या केंद्र सरकारच्या जर्नल-योजनेतून, अनुदानित असेल तर एन-लिस्ट या कॉलेजांसाठीच्या ई-जर्नलांच्या सोयीतून काय उघडतं ते ग्रंथपालांना विचार. ते सांगतीलच.

'बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी' ही ऑनलाइन लायब्ररी मात्र घरी बसून, फुकट. तिथे सोसायटीच्या जर्नलचा ६१ वा खंड उघड, १९६४चा. ग्रँडिसन-डॅनियल यांचा लेख १९० पानाच्या आसपास आहे. नुसता चाळू नकोस, ओळ न् ओळ वाच. त्या काळी माणसं भेकाच्या पाठीवरच्या गाठींचंही किती बारकाईने वर्णन करत, ते बघ.

'शोधगंगा' या भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात प्रबंध बघ, पण आधी त्यांची संदर्भसूची. मग गूगल स्कॉलरवर १९६४च्या लेखाखाली त्याचा उल्लेख कुणी कुणी केलाय तेही पाहा.

सोमणांचा मूळ लेख ऑनलाइन सापडला नाही, तर ग्रंथपालांना दुसऱ्या ग्रंथालयातून झेरॉक्स मागवायला सांग. अर्जात जर्नलचं नाव, वर्ष, खंड, पान सगळं लिही. ती प्रत यायला वेळ लागतो, म्हणून तेवढा अर्ज या आठवड्यातच देऊन टाक.