प्रोग्रामच्या लांबीवरून तो किती वेळात थांबेल याचं सूत्र काढता येईल का?

प्रोग्राम थांबेल की नाही हे ठरवणारी सरसकट रीत नाही, हे तुम्हाला मान्य आहे. तुमचा प्रश्न असा : निदान "अमुक लांबीचा प्रोग्राम तमुक पायऱ्यांत थांबला नाही, तर कधीच थांबत नाही" एवढं तरी सूत्र मिळेल ना? नाही मिळत. हे प्रोग्राम लिहूनच दाखवता येतं.

समजा, सूत्र मिळालं आणि ते मोजणारं फंक्शन 5,000 अक्षरांत बसलं. एका फाइलमध्ये ते पेस्ट करा. त्याला 10,000 हा आकडा द्या, आणि जे उत्तर येईल त्याहून एक जास्त वेळा रिकामं लूप फिरवून थांबा. मग फाइल बरोबर 10,000 अक्षरांची होईपर्यंत खाली कॉमेंट भरा. हा प्रोग्राम 10,000 अक्षरांचा आहे, नक्की थांबतो, आणि तरीही सूत्राने दिलेली मर्यादा ओलांडतो. फंक्शन 50 लाख अक्षरांचं निघालं तर आकडा 1 कोटी घ्या. तो लिहायला आठच अंक लागतात, म्हणून जागा नेहमी पुरते.

इथे बरेच जण घसरतात : मर्यादा अस्तित्वातच नाही असं नव्हे. ठरावीक लांबीचे प्रोग्राम मोजकेच, त्यामुळे थांबणाऱ्यांतला सर्वांत उशिरा थांबणारा असतोच. फक्त प्रत्येक लांबीसाठी तो आकडा काढून देणारी एकच रीत नसते.

गणितज्ञ टिबोर राडो यांनी 1962 साली हाच प्रश्न 'बिझी बीव्हर' नावाने मांडला. कोऱ्या टेपवर सुरू होणारी, 0 आणि 1 वापरणारी ट्युरिंग यंत्रं घ्यायची, म्हणजे टेपवर एकेक घर वाचत-लिहीत सरकणारी काल्पनिक यंत्रं. यंत्र कोणत्या 'अवस्थेत' आहे आणि समोर 0 आहे की 1, यावरून पुढची पायरी नियमांच्या एका तक्त्यातून ठरते. 2, 3 आणि 4 अवस्थांसाठी कमाल पायऱ्या 6, 21 आणि 107. पाच अवस्थांना एकदम 4,71,76,870! ते यंत्र मार्क्सेन आणि बुंट्रॉक यांना 1989 मध्येच सापडलं होतं. पण त्याहून जास्त चालून थांबणारं दुसरं नाही, हे सिद्ध व्हायला 2024 उजाडलं. पाच अवस्थांचे असे वेगवेगळे तक्ते, म्हणजेच यंत्रं, सुमारे 63 लाख कोटी. अवघड भाग मोजणीचा नव्हताच. न थांबणाऱ्या हट्टी यंत्रांसाठी "हे का थांबत नाही" याचे वेगवेगळे पुरावे शोधावे लागले.

खऱ्या कॉम्प्युटरची मेमरी मर्यादित असते, त्यामुळे तिथे सूत्र आहे : मेमरीची तीच स्थिती पुन्हा आली की लूप पक्कं. पण नुसत्या 1 केबी मेमरीच्या स्थितींची संख्याच 2,467 अंकी होते.