व्यवसायातील क्लायमेट इंजिनिअर विद्यापीठात शिकवतात, तेव्हा विद्यार्थ्यांना वेगळे काय मिळते?

शाश्वत इमारत-रचनेचा जो अभ्यासक्रम पूर्णवेळ प्राध्यापकांऐवजी व्यवसायातील क्लायमेट इंजिनिअर (इमारतीतील ऊन, हवा व उष्णता यांचे नियोजन करणारे सल्लागार) शिकवतात तो निवडावा का, असे आपण विचारले आहे. मी स्वतः सल्लागार असून वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना अर्धवेळ शिकवतो, तेव्हा माझा थोडा पक्षपात गृहीत धरावा.

फरक सॉफ्टवेअरचा नाही, निर्णयांच्या क्रमाचा आहे. इमारतीचे तोंड कोणत्या दिशेला, काच किती आणि बाहेरच्या भिंतीपासून मजला आत किती खोलवर जातो, हे पहिल्या काही रेखाटनांतच ठरून जाते, आणि तिथे जे चुकते ते पुढे वातानुकूलन यंत्रणेला आयुष्यभर निस्तरावे लागते. म्हणून सिम्युलेशनच्या (संगणकावरील आभासी चाचणीच्या) आधी मी कागदावर अंदाज काढायला लावतो. पश्चिमेकडच्या उभ्या काचेवर दुपारच्या स्वच्छ उन्हात दर चौरस मीटरला 600 वॅटपर्यंत ऊर्जा सहज पडते. त्यातली निम्मी आत आली आणि बसून काम करणारी व्यक्ती साधारण 100 वॅट उष्णता सोडते असे धरले, तर सावली नसलेली 10 चौरस मीटर काच म्हणजे खोलीत आणखी 30 माणसे बसवण्यासारखे आहे. हा हिशेब एकदा स्वतः केला की पडदा आत लावावा की छज्जा बाहेर काढावा, हा वाद वर्गात फार वेळ चालत नाही.

दुसरी गोष्ट सुखदतेची. डॅनिश संशोधक फँगर यांनी 1970 मध्ये मांडलेल्या सूत्रात हवेचे तापमान हा सहा घटकांपैकी केवळ एक आहे. सभोवतालच्या पृष्ठभागांचे तापमान, वाऱ्याचा वेग, आर्द्रता, कपडे आणि शारीरिक हालचाल हे बाकीचे पाच. पुस्तकात हे सगळेच वाचतात, पण तापलेल्या छताखाली थंड हवा सोडूनही लोक तक्रार का करतात, हे प्रत्यक्ष इमारतीत मोजणी केलेला माणूस अधिक नेमके सांगतो.

या परंपरेतले ठळक नाव मॅथियास शुलर यांचे: 1992 मध्ये जर्मनीतील श्टुटगार्टला ट्रान्ससोलर ही क्लायमेट इंजिनिअरिंगची सल्लागार संस्था स्थापन करून त्यांनी पुढे हार्वर्डच्या वास्तुकला विभागात अध्यापनही केले. त्यांच्या संस्थेने सल्ला दिलेल्या, 2009 मध्ये पूर्ण झालेल्या कॅनडातील विनिपेगच्या मॅनिटोबा हायड्रो प्लेस या कार्यालयीन इमारतीची 115 मीटर उंच सौर चिमणी (उन्हाने तापून वर जाणाऱ्या हवेबरोबर इमारतीतली हवा बाहेर खेचणारा मनोरा) विद्यार्थ्यांना फार आवडते, आणि इथेच आमच्या शिकवण्याचा धोकाही आहे: तिथल्या कडाक्याच्या थंडीसाठी व भरपूर उन्हासाठी विचारपूर्वक योजलेली चिमणी ते कोणत्याही हवामानात चिकटवतात. शिवाय व्यावसायिक पाहुण्यासारखे येतात, आपले यशस्वी प्रकल्प दाखवतात, आणि उष्णतावहनाचा पाया पक्का करायला त्यांच्याकडे वेळ नसतो. तो पूर्णवेळ प्राध्यापकांनीच करावा.

प्रवेशापूर्वी एवढे विचारा की हे शिक्षक स्टुडिओत, म्हणजे रचना-प्रकल्पाच्या वर्गात, पहिल्या आठवड्यापासून बसतात की शेवटच्या परीक्षणालाच येतात, आणि वापरात असलेल्या इमारतींचे मोजलेले आकडे ते विद्यार्थ्यांना दाखवतात की फक्त अंदाजित. दोन्हींची उत्तरे समाधानकारक असतील तर अभ्यासक्रम अवश्य घ्यावा.