राणी शोधू नका, अंडी शोधा: सातेरी पाळणाऱ्या नवख्यांच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न (पाटण तालुक्यातील एका शेतकरी भगिनीचा): प्रशिक्षण घेऊन नोव्हेंबरमध्ये सातेरी (पेटीत पाळता येणारी देशी मधमाशी) माश्यांच्या दोन पेट्या आणल्या. माश्या पळून जातील या धास्तीने दोन्ही पेट्यांच्या दाराला राणी अडवायची जाळी लावून ठेवली, ती अजून तशीच आहे. आता फेब्रुवारी लागला. एका पेटीत आठही चौकटींवर माश्या आहेत आणि पोळ्यांच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारखी पाच-सहा घरे लोंबत आहेत. दुसऱ्या पेटीत मात्र राणी काही केल्या सापडत नाही. कामकरी माश्या रोडावल्या, काळे जाडे नरच जास्त दिसतात. गावातले एक जाणकार म्हणतात, लोंबणारी घरे कापून टाका आणि राणीचे पंख कातरा. काय करू?

उत्तर:

ताई, सुरी आणि कात्री दोन्ही बाजूला ठेवा. तुमचा प्रश्न सुरू झाला तो त्या जाळीपासून.

जाळीतून कामकरी माशी जाते, राणी जात नाही आणि नरही जात नाही. ढोलीतले मोहोळ नव्याने पेटीत भरले, तर ते स्थिरावेपर्यंत चार-पाच दिवस जाळी लावावी. तेवढेच तिचे काम. नवी राणी कोषातून बाहेर पडली की आठवडा-दहा दिवसांत तिला आकाशात उडावे लागते. तिथे ती अनेक नरांशी मिलन करते आणि ते बीज पोटातल्या पिशवीत आयुष्यभर पुरवून वापरते. फलित अंड्यातून कामकरी माशी किंवा राणी होते, अफलित अंड्यातून फक्त नर. आता दुसऱ्या पेटीचा अंदाज बांधा: थंडीत कधीतरी जुनी राणी गेली असावी, माश्यांनी नवी केली, ती दारापर्यंत आली आणि जाळीला अडून परत फिरली. आता ती घालते ती अंडी सगळी नरांची. या पेटीची जाळी आजच काढा, निदान आत कोंडलेले नर तरी बाहेर पडतील.

मात्र अंदाजावर थांबू नका, खात्री करा. त्यासाठी राणी दिसायलाच हवी असे नाही. सातेरी धुराने सैरभैर होते, चौकटीवरून धावत एका कोपऱ्यात गोळा होते, आणि त्या गर्दीत काळसर राणी मुरलेल्या माणसालाही चटकन दिसत नाही. नवखा शेतकरी ती शोधत अर्धा अर्धा तास पेटी उघडी ठेवतो. पिलावा (घरांत वाढणारी पिले) गारठतो, माश्या चिडतात, कधी राणीच चौकटींमध्ये चिरडते. सकाळी दहाच्या सुमारास, ऊन अंगाला लागल्यावर पेटी उघडा. सूर्याकडे पाठ करा आणि खांद्यावरून येणारे ऊन थेट पोळ्यातल्या घराच्या तळाशी पडेल अशी चौकट तिरकी धरा. अंडे शेवयाच्या अगदी बारीक तुकड्यासारखे दिसते. पहिल्या दिवशी ते तळाशी उभे असते, दुसऱ्या दिवशी कलते, तिसऱ्या दिवशी आडवे पडते आणि मग त्यातून अळी निघते. उभे अंडे दिसले म्हणजे अंडी घालणारी कालपर्यंत तिथे होती. चौकट परत ठेवा आणि पेटी मिटा.

दुसऱ्या पेटीत एका घरात एकच अंडे, तेही नेमके तळाशी, पण वरची झाकणे मात्र फुगीर आणि मध्ये बारीक भोक असलेली (सातेरीच्या नराची हीच खूण, कामकरीचे झाकण सपाट असते) असे दिसले, तर राणी आहे, पण ती बिनमिलनाची आहे. एकेका घरात तीन-चार अंडी, काही भिंतींना चिकटलेली, असे असेल तर राणी नाहीच. मग कामकरी माश्यांनीच अंडी घालायला सुरुवात केली आहे. राणी गेली की सातेरीत हे फार लवकर होते.

दोन्ही परिस्थितींत माझा सल्ला एकच, आणि तो तुम्हाला कठोर वाटेल: ही वसाहत स्वतंत्रपणे वाचवण्याच्या मागे लागू नका. तिच्यातल्या कामकरी म्हाताऱ्या झाल्या आहेत. आज राणीकोश (नवी राणी वाढते ते घर) दिला तरी राणी बाहेर येणार, फळणार, अंडी घालणार आणि त्यातून नवी कामकरी निघायला आणखी तीन आठवडे लागणार. तोवर या माश्या टिकत नाहीत. त्यांचे काय करायचे ते पुढे सांगते. आधी पहिली पेटी, कारण तिथे दिवस मोजके आहेत.

खालच्या कडेला लोंबणारी ती घरे म्हणजे राणीकोश. वसाहत भरली, फुलोरा जवळ आला, आता घर फोडून निम्म्या माश्या जुन्या राणीबरोबर निघणार, असा त्याचा अर्थ. (पोळ्याच्या मधोमध घाईने केलेले कोश दिसले तर राणी अचानक गेली असे समजावे.) कोश कापून हे थांबत नाही, माश्या पुन्हा बांधतात. आणि जुनी राणी आधीच गेलेली असेल तर कोश कापणारा स्वतःच्या हाताने पेटी निपुत्रिक करतो. नोकरीच्या सुरुवातीला एका शेतकऱ्याला मी असाच कोश कापायचा सल्ला दिला होता. त्याची वसाहत गेली. ते मला अजून लागते.

कापण्याऐवजी वाटणी करा. एक रिकामी पेटी घ्या, तिला जाळी लावू नका, पहिल्या पेटीची जाळीही काढा. अंडी, पिलावा, मध-पराग आणि माश्या यांच्या चौकटी दोन्हीकडे सारख्या वाटा. दोन्ही बाजूंना निदान दोन चांगले कोश राहू द्या आणि कोशाची चौकट उलटी करू नका, झटकू नका. दोन्ही पेट्या जुन्या जागेच्या डावी-उजवीकडे अर्ध्या अर्ध्या सरकवून ठेवा, म्हणजे चरायला गेलेल्या माश्याही वाटल्या जातील. चौथ्या दिवशी अंडी पाहा. वाटणीच्या दिवशीची अंडी तोवर फुटलेली असतात, म्हणून ज्या पेटीत अंडी दिसतील तिथे जुनी राणी आहे. फक्त त्या पेटीतले कोश काढा. दुसरीत सरळ, मोठे दोन ठेवा. त्यानंतर ती पेटी पंचवीस दिवस उघडायची नाही आणि जागेवरून हलवायचीही नाही. उडून आलेली राणी घर ओळखते ते जागेवरून. महिनाभरातही अंडी दिसली नाहीत, तर जुन्या राणीच्या पेटीतली अंड्यांची एक चौकट तिला द्या. सुरुवात दोन पेट्यांनी करा असे आम्ही सांगतो ते यासाठीच.

आता त्या रोडावलेल्या माश्या. बिनमिलनाची राणी सापडली तर काढून टाका. संध्याकाळी जुन्या राणीच्या पेटीवर टाचणीने भोके पाडलेला वर्तमानपत्राचा कागद पसरा आणि त्यावर या माश्यांची कोठी (चौकटींचा खोका) ठेवा. कागद कुरतडेपर्यंत वास एक होतो. कामकरीच अंडी घालत असतील तर असे करू नका, राणीला धोका असतो. भर दुपारी माश्या पेटीपासून लांब झटका आणि पेटी उचलून न्या. उडता येतील त्या शेजारच्या पेटीत आसरा घेतील.

पंख कातरण्याबद्दल एवढेच: कुमारी राणीचा पंख कातरला तर ती कधीच फळत नाही, आणि जुनीचा कातरला तर ती दारापुढे पडते आणि मुंग्या तिला खातात. सातेरी निघून जाते ती उपासमार, मुंग्या, मेणकिडा, ऊन आणि रोजची उघडझाप यांना कंटाळून. स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा. माश्यांनी न झाकलेली जुनी काळी पोळी काढून घ्या, मेणकिडा तिथेच वाढतो. पंचवीस दिवस न उघडायची ती कोशांची पेटी सोडून, पेटी आता आठ-दहा दिवसांनी पाहा, एरवी पंधरवड्याने. शेजारी आंब्यावर फवारणी करणार असतील तर संध्याकाळी माश्या परतल्यावर करा म्हणून आधी सांगून ठेवा.

मार्चपासून गेळा, जांभूळ, हिरडा फुलतील. मध फक्त वरच्या मधकोठीतला (मध साठवायच्या खोक्यातला) घ्या, खालचा पिलाव्याचा आहे. मधकोठी असताना पाक देऊ नका. तो लागेल पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर: आठवड्याला पेटीमागे साधारण 200 ग्रॅम साखर, तितक्याच पाण्यात, संध्याकाळी पेटीच्या आत. बाहेर सांडला की लूटमार सुरू होते. सवड मिळाली तर महाबळेश्वरजवळच्या मांघरला जाऊन या. 2022 मध्ये ते मधाचे गाव म्हणून जाहीर झाले, तिथे अनेक घरांत सातेरीच्या पेट्या पाहायला मिळतील. मध संचालनालयही महाबळेश्वरलाच आहे.

वाटणी केल्यावर चौथ्या दिवशी डाव्या पेटीत अंडी दिसली की उजव्या, आणि ती उभी होती की आडवी, एवढे मला कळवा.