गुलमर्गच्या बर्फात फोटो काढताना चेहरे आखडलेले का दिसतात? कपडे कोणते घालावेत?

तुम्ही लिहिलंय की जानेवारीत दोघं गुलमर्गला चाललात, बायकोचे बर्फातले निवांत पोर्ट्रेट काढायचेत, आणि मित्रांचे तिथले फोटो पाहिले तर सगळे खांदे वर करून, दात आवळून उभे. या आखडण्याचं मूळ बहुतेक वेळा पायांत असतं. बोटं गार पडली की खांदे कानांकडे जातात, जबडा घट्ट होतो आणि मग कितीही ‘स्माइल प्लीज’ म्हणा, काही उपयोग नाही.

म्हणून आधी मोजे. सुती नकोत, ते ओल धरून ठेवतात. लोकरीची एकच चांगली जोडी आणि बूट किंचित सैल. दोन-दोन मोजे कोंबून बूट घट्ट झाला तर पाय उलट जास्त गारठतात. अंगात थर्मल, त्यावर लोकरी स्वेटर, वर वारा अडवणारं काहीतरी. पातळ थरांमध्ये हवा अडकते, तीच ऊब धरते. शिवाय फोटोत माणूस गादी गुंडाळल्यासारखा दिसत नाही.

गुलमर्गच्या वाटेवर, पायथ्याच्या टंगमर्गला लांब कोट आणि गमबूट भाड्याने मिळतात. खोल बर्फात चालायला गमबूट घ्या. कोट मात्र फोटोसाठी नको. खांद्यावरून ओघळणारे, विटलेले, सगळ्यांच्या अंगावर तेच. त्यापेक्षा श्रीनगरला एक लोकरी फेरन, म्हणजे काश्मिरी लांब सैल झगा, विकत घ्या. मरून, मोहरी किंवा गडद हिरवा. पांढऱ्या बर्फावर हे रंग उठून दिसतात आणि चेहऱ्याशी भांडत नाहीत. भडक गुलाबी किंवा पोपटी जॅकेटची झाक हनुवटीवर पडते, ती नंतर काढता काढता नाकी नऊ येतात. गळ्याशी थोडं तिल्ल्याचं जरीकाम असेल तर दागिन्यांचीही गरज नाही. (पर्यटकांना नेसवतात तो प्लास्टिकच्या फुलांच्या टोपलीसकटचा ‘काश्मिरी ड्रेस’ वेगळा. त्याच्या वाटेला जाऊ नका.)

फेरनची खरी गंमत त्याच्या सैलपणात आहे. 21 डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस म्हणजे चिल्लई कलान, काश्मीरच्या थंडीचा सर्वांत कडक काळ. तेव्हा तिथली माणसं बाह्यांतून हात आत ओढून घेतात आणि पोटाशी कांगडी धरतात, वेताच्या टोपलीतलं निखाऱ्यांचं मातीचं भांडं. कांगडीची सवय आपल्याला नाही, तो धोका पत्करू नका. पण हात आत घेऊन उभं राहायला सांगा. खांदे आपोआप उतरतात आणि ‘हातांचं काय करू’ हा प्रश्नच मिटतो.

पैठणीत बर्फातला फोटो हवा असा हट्टही असतोच. परकराखाली थर्मल, ब्लाउजच्या जागी गळाबंद लोकरी स्वेटर, वर शाल. झकास दिसतं. फक्त ओला बर्फ पडत असेल तर रेशीम बाहेर काढू नका.

आता फोटो. कॅमेरा समोरचं दृश्य सरासरी करड्या रंगाचं धरून चालतो, त्यामुळे बर्फ मळकट येतो आणि चेहरा काळवंडतो. एक्स्पोजर +1 ते +1.5 वाढवा, मोबाइलवर चेहऱ्यावर टॅप करून बोट वर सरकवा. ढगाळ दिवस मिळाला तर हळहळू नका, पोर्ट्रेटला तोच उत्तम. बर्फावरून उजेड खालून परततो, डोळ्यांखालच्या सावल्या त्यानेच भरून निघतात. बर्फ पडताना मागे गडद झाडी असू द्या, पांढऱ्या आकाशासमोर भुरभुर दिसतच नाही. शटरचा वेग 1/500 सेकंद ठेवला तर कण थिजतात, 1/60 ला रेघा होतात. फ्लॅश बंदच, नाहीतर जवळचे कण पांढरे ठिपके होऊन चेहऱ्यावर बसतात.

जागा म्हणाल तर गंडोलाच्या, म्हणजे तिथल्या केबल कारच्या, गर्दीपासून लांब. 1902 सालच्या सेंट मेरी चर्चच्या बाजूला सकाळी लवकर जा आणि तुम्ही कडेकडेने फिरा, म्हणजे समोरचा बर्फ तुडवला जाणार नाही. गंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यावर, अफरवाटला, उंची जवळपास 4,000 मीटर आणि वारा बोचरा. तिथे डोळ्यांतून पाणी येतं, शांत चेहरा कुठला! पाच-दहा मिनिटं फोटो, मग टपरीवर गरम कहवा (काश्मिरी चहा), मग पुन्हा. कहव्यानंतर गालांवर लाली असते आणि गप्पा चालू असतात, तेव्हा काढा. एक-दोन-तीन मोजू नका.

जास्तीची बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. थंडीत ती भराभर उतरते. हॉटेलात शिरण्याआधी कॅमेरा बाहेरच झिपच्या प्लास्टिक पिशवीत बंद करा आणि तासाभराने उघडा, नाहीतर लेन्सवर दव धरतं. फोटो बघायची घाई असेल तर मेमरी कार्ड आधीच काढून घ्या.