सोसायटीच्या समितीत नवीन आहेस ना? आधी ऐकून घे

पार्किंगचं भांडण पहिल्याच महिन्यात अंगावर आलं, तरी घाबरू नकोस. ऐरोलीत आमच्या सोसायटीत बारा वर्षं मी हेच निस्तरतोय. सध्या एवढंच सांभाळ:

– दोघांना लगेच समोरासमोर बसवू नकोस. आधी एकेकाच्या घरी जा, चहा घे, मध्ये बोलू नकोस.
– व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निवाडा नको. चारचौघांत कुणी माघार घेत नाही. नव्यांची मोठी चूक हीच.

मग दोघांना एकच काम दे. १९५४ साली मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांनी अमेरिकेत प्रयोगासाठी भरवलेल्या शिबिरात मुलांच्या दोन गटांचं वैर नुसतं एकत्र जेवून मिटलं नाही; बंद पडलेलं पाणी सुरू करण्यासारखी कामं मिळून करताना ते निवळत गेलं. आमच्याकडे टाकी धुताना तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी पाइप धरला, शेजारच्यांनी झाडू. संध्याकाळी गाडी कुणी कुठे लावायची, ते त्यांचं त्यांनीच ठरवलं.