घाटात काटा वर चढतो
प्रश्न : माझा मंडपाचा धंदा आहे. पिकअपच्या मागे जनरेटरची ट्रॉली लावून कसारा घाट चढताना टेंपरेचरचा काटा लालजवळ जातो. काय करू?

उत्तर : दादा, काटा सरकायला लागला की लगेच गिअर खाली घ्या, वरच्या गिअरमध्ये रेटत बसू नका, कारण आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) पडले की इंजिनात पाणी फिरवणारा वॉटर पंपपण हळू फिरतो आणि नेमका तेव्हाच लोड जास्त असतो. एसी बंद, हीटर फुल, म्हणजे इंजिनाची उष्णता केबिनमध्ये निघते; घाम निघेल पण काटा उतरतो. वाफ दिसली तर मात्र बाजूला घेऊन इंजिन बंदच करा, आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका हो, तोंड-हात भाजतात. घरी रेडिएटरच्या जाळीत टॉर्च मारून बघा, किडे आणि चिखल अडकलेला असतो, पाण्याच्या हलक्या धारेने धुवा. रेडिएटरमध्ये भरायला नुसतं नळाचं पाणी नको, कूलंट (इंजिन थंड ठेवायचं द्रव) आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं.